तिसऱ्यात न टिकणारी मारुती : घरच्या अंगणात पहिल्यांदाच गिअरबॉक्स बदलल्याचं एक प्रकरण

प्रकरण सोलापुरातल्या एका घरातलं आहे. माणसांची नावं आणि पेठ मुद्दाम गाळली आहे. गाडीमालकाला भाचा ‘मामा’ म्हणतो, म्हणून इथेही मामाच. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा करतोय. मी या कामात टॉर्च धरायला आणि अधूनमधून ‘थांबा’ म्हणायला होतो.

पार्श्वभूमी

मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. माग अडला की त्यांना हाक. लोखंडाची भीती नाही, हातात पाना सराईत. पण गाडीच्या बाबतीत त्यांची मजल तेल बदलणं, ब्रेक शू घालणं आणि कार्बोरेटर साफ करणं इथपर्यंतच. गिअरबॉक्स त्यांनी कधी उतरवलेला नव्हता.

गाडी १९९८ ची मारुती ८००. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन, कार्बोरेटर, पुढचे चार गिअर. या गाडीचं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, तरी सुटे भाग अजून गल्लोगल्ली मिळतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मामांनी ते २०२३ मध्ये करून घेतलं होतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फीच पाच हजार झालेली होती, वर पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरल्यावर २०२८ पर्यंत गाडी पळवायचीच, हे घरात पक्कं होतं. आईला दवाखान्यात नेणं, महिन्या-दोन महिन्यांनी तुळजापूर आणि अक्कलकोट, एवढाच तिचा वापर.

अडचण आणि निदान

तुळजापूरचा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तिसरा गिअर आपोआप न्यूट्रलला यायचा. मामा डाव्या हातानं दांडी दाबून धरायचे. घाटात एका हातानं स्टिअरिंग सांभाळायचं हा प्रकार मामी शेजारी बसून बघत होत्या, आणि काम करायचंच हा निर्णय खरं तर त्यांचा. शिवाय तिसऱ्यातून दुसरा टाकताना करकर, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना एक बारीक घुंईऽऽ आवाज.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही तोच. ‘गिअर सुटतो म्हणजे गिअरबॉक्स गेला’ असं मानून लोक थेट बॉक्सच उतरवतात. पण इंजिनाचं माउंटिंग रबर फाटलं असेल तर पाय काढताच इंजिन झोका खातं आणि लिंकेजमार्फत, म्हणजे दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडांमार्फत, गिअर ओढून काढतं. लिंकेजचे बुश, म्हणजे सांध्यांतली अस्तरं, झिजले असतील तर गिअर मुळात पूर्ण बसतच नाही. या दोन्ही गोष्टी गिअरबॉक्सला हात न लावता, काही शे रुपयांत निपटतात.

मामांनी आधी माउंटिंग बघितलं. एक खरोखरच फाटलेलं निघालं. बदललं. बुशही नवे घातले. दांडीचा खुळखुळा गेला, पण तिसरा सुटायचा तो सुटतच राहिला.

मग क्लच. यासाठी रिव्हर्स गिअरची परीक्षा सोपी आहे. त्याला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रचना, नसतो. गाडी उभी ठेवून क्लच पूर्ण दाबायचा, तीन-चार सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. तरीही करकरला तर क्लच नीट सुटत नाही. केबल बघा, प्लेट बघा. इथे रिव्हर्स अलगद पडला. म्हणजे दुसऱ्याची करकर क्लचची नव्हती. उलट दुसरा टाकताना मध्ये न्यूट्रलला क्लच सोडून, जरा रेस देऊन, पुन्हा दाबला की तो बिनतक्रार पडायचा. हे लक्षण झिजलेल्या सिंक्रो रिंगचं. न्यूट्रलमधला घुंई आवाज क्लच दाबला की बंद व्हायचा, म्हणजे इंजिनाचा फेरा बॉक्समध्ये आणणाऱ्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला असता तर संशय क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर गेला असता.

शेवटी तेल काढलं. भाच्यानं ते जुन्या स्टीलच्या परातीत घेतलं आणि परात उन्हात तिरकी केली. तळाला सोनेरी चुरा सरकताना स्पष्ट दिसला. ड्रेन प्लगवर काळपट पेस्ट होती. तेवढी जुन्या बॉक्समध्ये असतेच, पण त्या पेस्टमधून लोखंडाची एक कपची वर आली होती, तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठी. बोटांत धरून फिरवली तर एक कड धारदार आणि दुसरी घासून गुळगुळीत झालेली. सोनेरी चुरा सिंक्रो रिंगच्या पितळेचा, कपची कुठल्या तरी दात्याची. आता शंका उरली नाही.

समोरचे पर्याय

गाडी विकणं बाद. उरले तीन.

एक, ओळखीच्या मिस्त्रींकडे बॉक्स उघडून आतला माल बदलणं. मिस्त्री सरळ बोलले, “मामा, उघडल्याबिगर आकडा सांगणार नाही. आणि उघडल्यावर तुम्ही नाही म्हणला तर परत जोडायची मजुरी द्यायची.” बोलणं रास्त होतं. बॉक्समध्ये एक गोष्ट बिघडली की तिचा भुगा बाकीच्यांना खातो, त्यामुळे बिल कुठे थांबेल याचा भरवसा नसतो.

दोन, जुना पण चांगला बॉक्स विकत घेऊन मिस्त्रींकडून बसवून घेणं.

तीन, तेच काम घरी करणं.

भाच्याला चौथाच पर्याय खुणावत होता : पाच गिअरचा बॉक्स. ८०० चा पाच गिअरचा प्रकारही कंपनीनं काही काळ काढला होता, आणि महामार्गावर इंजिन कमी ओरडलं तर कुणाला नकोय? पण लिंकेज, माउंटिंग, शाफ्ट यांतलं काय काय सोबत बदलावं लागेल याची खात्रीची यादी कुणीच देईना. जो तो ‘बसतंय की’ म्हणायचा. ‘बसतंय की’ या शब्दावर मामांचा कारखान्यातला अनुभव दांडगा होता. त्यांनी तो विषय तिथेच मिटवला. मलाही ते पटलं. पहिल्यांदा करतानाच्या कामात निदान बसणारी वस्तू तरी जशीच्या तशी असावी, म्हणजे काही अडलं तर दोष आपल्या हातात शोधता येतो, वस्तूत नाही.

दुसरा पर्याय की तिसरा, यावर आठवडाभर चर्चा झाली. मजुरीचे अडीच-तीन हजार वाचवणं हे कारण मामा सांगायचे, पण खरं कारण भाच्याला शिकायचं होतं आणि मामांना करून बघायचं होतं. त्यात गैर काही नाही. फक्त ते कबूल करून बसलं की हिशेब नीट होतो. वाचणाऱ्या मजुरीतले निम्मे पैसे हत्यारांत जाणार, हे आधीच मांडून ठेवलं.

एक अट मात्र मिस्त्रींशी बोलून ठेवली : कुठे अडलं तर ते घरी येऊन पुढचं काम घेतील, आणि त्याचे पैसे ठरवून घेतील. ही परतीची वाट ठेवल्यामुळे पुढे कुणी ईर्ष्येला पेटलं नाही.

बॉक्स निवडताना

बाहेरगावाहून ट्रान्सपोर्टनं येणारा बॉक्स हजार-बाराशेनं स्वस्त पडत होता. मामांनी शहरातल्याच जुन्या सुट्या भागांच्या दुकानातला महाग बॉक्स घेतला, कारण तो हातानं फिरवून बघता येत होता.

दुकानात त्यांनी असं केलं. इनपुट शाफ्ट दोन बोटांत धरून वर-खाली हलवला. किंचित खेळ चालतो, खटखट नको. एकेक गिअर टाकून शाफ्ट फिरवला. आत दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल असल्यानं एका बाजूचं तोंड अडवून ठेवल्याशिवाय दुसऱ्या बाजूला पूर्ण हालचाल दिसत नाही. भाच्यानं ते कापडात गुंडाळलेल्या पेचकसनं अडवलं. चारही गिअर आणि रिव्हर्स, कुठे अडखळ नाही. तेल काढून बोटांत चोळलं, चुरा नाही. शेवटी केसिंगच्या कानांवरून, म्हणजे जिथे बोल्ट बसतात त्या उंचवट्यांवरून, चिंधी फिरवली. ॲल्युमिनियमला तडा असेल किंवा वेल्डिंग करून वर रंग मारला असेल तर तिथेच सापडतं.

आरसी बुकात इंजिन आणि चासी नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलचा बॉक्स बदलला तर नोंदीत काही फेरफार होत नाही. तरी मामांनी दुकानदाराकडून पावती लिहून घेतली. जुन्या मालाचा धंदा आहे, वस्तू कुठून आली हे आपल्याला ठाऊक नसतं.

तयारी

मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची गड्डा जत्रा, घरात पाहुणे. तेव्हा गाडी लागणार. म्हणून २०२४ च्या जानेवारीत यात्रेचे मुख्य दिवस सरल्यावरचा मुहूर्त धरला. उन्हाळ्यात काढलं असतं तर दहानंतर अंगणात पाना धरवला नसता.

अंगणात शहाबादी फरशी. दिसायला भक्कम, पण खाली पोकळी असेल तर एका टोकावर भार आला की फरशी मधोमध तडकते. जॅक स्टँडचे पाय नेमका तसाच टोकावर भार देतात. मामांनी हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकून बघितली, दोन ठिकाणी भदभद आवाज आला. गाडी हातभर मागे घेतली आणि प्रत्येक स्टँडखाली जाड फळी घातली. मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा. गाडी उचलल्यावर खाली जाण्याआधी मामांनी तिला खांद्यानं जोरात ढकलून बघितलं. सगळ्या कामातली ही पाच मिनिटं मला सगळ्यात आवडली. जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणारे मिस्त्री आपण रोज बघतो, म्हणून ते चालतं असं नाही.

दुसरा भार इंजिनाचा. गिअरबॉक्स काढला की त्या बाजूचा आधार जातो आणि इंजिन खाली झुकतं. दोन्ही गार्डांच्या कडांवर फळ्या, त्यावर आडवा लोखंडी पाइप, पाइपाला साखळी आणि साखळीनं इंजिन धरलेलं, असा जुगाड केला. साखळी कारखान्यातली, मालकांना विचारून आणलेली.

बोल्टसाठी भाच्यानं सुताच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर गिअरबॉक्सच्या तोंडाचा आकार काढला, आणि जो बोल्ट जिथून निघेल तो पुठ्ठ्यात तिथेच खुपसायचा असं ठरवलं. बोल्टांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसिंग फोडतो.

खरेदीच्या यादीवरून एकच वाद झाला : क्लच. प्लेट बरी दिसली तर तीच घालू, असं मामांचं म्हणणं. पण क्लच बदलायला पुन्हा हाच बॉक्स उतरवावा लागतो. मामी म्हणाल्या, “दोन हजारासाठी परत आठ दिवस अंगण अडवणार का?” क्लच प्लेट, ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यादीत आलं. गिअरच्या तेलाचे दर्जे असतात, त्यातलं जीएल-४ घेतलं. दुकानदार जीएल-५ ‘भारीतलं’ म्हणून देत होता, पण जुन्या घडणीच्या जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला बाधू शकतात, म्हणून ते टाळलं.

उतरवणं

बॅटरी, स्टार्टर, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, रिव्हर्स दिव्याची वायर, लिंकेज. हे सगळं सुरळीत निघालं. गंजलेल्या बॉल जॉइंटच्या बोल्टांवर आदल्या रात्रीच रस्ट स्प्रे मारून ठेवला होता.

चाकांना फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट अडला. भाचा शाफ्टच धरून ओढायला लागला. मी थांबवलं, कारण तसं ओढलं तर आतला जॉइंट सुटून रबर बूट फाटतो आणि शाफ्ट बॉक्समध्येच राहतो. शाफ्टचं टोक आत एका स्प्रिंगसारख्या रिंगनं अडकलेलं असतं. जॉइंट आणि केसिंग यांच्या फटीत टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून एक झटका दिला की ते सुटतं. मामांनी झटका दिला, टक् आवाज आला, शाफ्ट हातात.

बॉक्सचं वजन अंदाजे पंचवीस-तीस किलो. खाली जॅक, जॅकवर जुनी गादी, दोघांनी हलवत-हलवत तो सरळ रेषेत मागे घेतला. उतरला.

“निम्मं झालं,” भाचा म्हणाला.

“पाव झालं बे,” मामा म्हणाले.

चढवताना

क्लच प्लेट प्रेशर प्लेटखाली आवळण्यापूर्वी बरोबर मधोमध धरावी लागते. त्यासाठी प्लॅस्टिकची एक डमी दांडी मिळते, ती आणलेली नव्हती. मामांनी डोळ्यानं मध्य साधला आणि बोल्ट आवळले.

बॉक्स चढवला. सरकत आला, आणि जेमतेम एक सेंटिमीटर उरला असताना थांबला. हलवून पाहिला, गिअर टाकून शाफ्ट फिरवून पाहिला. हलेना. फटीतून उजेड दिसत होता. बोल्ट मात्र त्या अंतरावरूनही पकडत होते.

इथे तीनही डोकी वेगवेगळी चालली. भाचा म्हणाला, सगळे बोल्ट थोडे-थोडे आवळू, आपोआप बसेल. दिवसभराच्या कामानं अंग आंबलेलं असताना हे फार गोड वाटतं. पण बॉक्स बसत नाही याचा अर्थ आत काहीतरी अडलंय, आणि बोल्टानं खेचलं तर ज्या कानांवरून आपण दुकानात चिंधी फिरवली तेच कान तुटतात, नाहीतर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. मामांनी पाना खाली ठेवला. अंधार पडत आला होता. बॉक्स पुन्हा उतरवला, इंजिनाखाली जादा आधार दिला आणि त्या दिवशीचं काम बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कारखान्यातून एक जुनी लाकडी कांडी घेऊन आले, मागाच्या धोट्यात असते ती. निमुळतं टोक इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, मधल्या छोट्या बेअरिंगमध्ये शिरलं. जाड भागावर इन्सुलेशन टेप गुंडाळत-गुंडाळत ती क्लच प्लेटच्या भोकात घट्ट बसेल अशी केली. प्रेशर प्लेटचे बोल्ट सैल केले, कांडी घातली, तर प्लेट किती सरकलेली होती ते उघड्या डोळ्यांना दिसलं. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं आवळून कांडी काढली. या वेळी बॉक्स शेवटचा सेंटिमीटर नुसत्या हाताच्या दाबानं गेला, आणि मग बोल्ट लावले.

तेल भरण्याच्या भोकातून ओघळ येईपर्यंत तेल घातलं, गाडी सपाट असताना.

निकाल

तिसरा गिअर टिकला. घाटात मुद्दाम पाय काढून पाहिला, जागचा हलला नाही. करकर आणि घुंई दोन्ही गेले. रिव्हर्सचा दिवा लागत नव्हता, वायर जोडायची राहिली होती.

पण चार दिवसांनी फरशीवर तेलाचा डाग दिसला. एका ड्राइव्ह शाफ्टच्या तोंडचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी रिंग, गळत होतं. दुकानातला बॉक्स किती दिवस कोरडा पडून होता कोण जाणे, रबर कडक झालेलं. पुन्हा गाडी स्टँडवर, पुन्हा तेल काढा, शाफ्ट काढा. सील शे-दोनशे रुपयांचं, काम अर्ध्या दिवसाचं. मग दोन्ही बाजूंची सीलं बदलून टाकली.

पैशाचा हिशेब सांगायचा तर हत्यारं धरून मिस्त्रींच्या मजुरीपेक्षा जेमतेम हजारभर वाचले. शनिवार-रविवारचं म्हणून काढलेलं काम सील धरून पंधरवड्यावर गेलं. त्या काळात आईला दवाखान्यात रिक्षानं न्यावं लागलं, त्याचं भाडं मी वरच्या हिशेबात धरलेलं नाही. मामी धरतात.

वेगळं काय करता आलं असतं

सीलं आधीच बदलायला हवी होती. बॉक्स बाकावर असताना ते दहा मिनिटांचं काम. क्लचच्या वेळी ‘परत उतरवावं लागेल’ हा विचार घरात नीट झाला, तोच सीलांना कुणी लावला नाही, कारण सीलं दिसायला काळीभोर, नवीच वाटत होती.

क्लच मध्यावर धरायची डमी किंवा तिचा पर्याय यादीत पहिल्या पानावर हवा होता. कांडीचा जुगाड जमला, पण तो कामाच्या मधोमध नव्हे, आदल्या आठवड्यात सुचायला हवा होता.

इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलबद्दल मात्र माझं मत मिस्त्रींपेक्षा वेगळं आहे. ते म्हणाले, एवढं उघडलंच होतं तर तेही बदलायचं. इथे ते कोरडं ठणठणीत होतं, आणि त्यासाठी फ्लायव्हील काढावं लागलं असतं. ठरावीक जोरानं आवळता येणारा टॉर्क पाना हाताशी नसताना फ्लायव्हीलचे बोल्ट पहिल्यांदाच काम करणाऱ्यानं सोडू नयेत. मामांनी ते तसंच ठेवलं, हे मला बरोबर वाटतं. दोन पावसाळ्यांनी गळलं तर मिस्त्री मला ऐकवतीलच.

जुना बॉक्स उघडल्यावर

दुकानदार जुना बॉक्स भंगाराच्या भावानं घेत होता. भाच्यानं तो दिला नाही, आणि नंतर एका रविवारी तो उघडला. तिसऱ्या गिअरचे पकडीचे छोटे दाते, जे धारदार कडांचे असायला हवेत, ते गोलसर झाले होते. एकाचं टोकच नव्हतं. परातीतली ती कपची भाच्यानं पुडीत जपून ठेवली होती, ती तिथे चपखल बसली. दुसऱ्याची सिंक्रो रिंग आतून इतकी झिजलेली की गिअरवर ठेवली तर मध्ये फटच उरत नव्हती. गिअर सरकवणारा फोर्क एका बाजूनं खाल्लेला. आणि इनपुट शाफ्टच्या बेअरिंगसोबत दुसऱ्या शाफ्टचं बेअरिंगही खड्डे पडून गेलेलं, ज्याचा संशय बाहेरून कुणालाच आला नव्हता.

मिस्त्रींना ते सगळं वर्तमानपत्रावर मांडून दाखवलं. त्यांनी फोर्क उचलून पाहिला, परत ठेवला आणि पहिला पर्याय घेतला असता तर किती बिल झालं असतं त्याचा आकडा सांगितला. तो नव्या-जुन्या सगळ्या खर्चाच्या, क्लच धरून, जवळपास दीडपट होता.